डायनॅमो की बॅटरी: आधी अंधाराचे तास मोजा

प्रश्न: रोज कामावरून परतताना पाऊण तास अंधारात सायकल चालवतो. यंदा २०० ते ६०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करून एसआर (एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० या चारही) पूर्ण करायची आहे. पुढे १२०० किलोमीटरचीही मनात आहे. डायनॅमो हबचं (चाक फिरताना मधल्या तुंब्यात वीज तयार करणारं) पुढचं चाक, दोन्ही दिवे, वायरिंग आणि यूएसबी चार्जर असा संच बॅटरीचे दिवे आणि पॉवर बँक यांच्या एकूण किमतीच्या पाचपट पडतो. मित्र म्हणतात, एकदाच खर्च, मग आयुष्यभर फुकट उजेड. हप्त्यांवर घेऊन टाकू का? सायकल दोनेक वर्षांत बदलायची आहे.

उत्तर: आत्ता घेऊ नका. हप्त्यांवर तर मुळीच नको.

आधी ‘फुकट उजेडा’चा हिशेब करू. तुमचा रोजचा पाऊण तास वर्षाकाठी साधारण १८० तास होतो. मध्यम उजेडावर चार तास चालणारा दिवा धरला तर त्यासाठी ४५ वेळा चार्जिंग. बीआरएमचे आणखी पंधरा धरा, म्हणजे वर्षाला साठ. लिथियम सेल ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगपर्यंत बऱ्यापैकी टिकतो. तुमच्या वापराने तो झिजण्याआधी वयानेच म्हातारा होईल. दर चार वर्षांनी सगळा संच नवा घेतलात तरी आठ वर्षांत खर्च दुप्पट. डायनॅमोचा पहिल्याच दिवशी पाचपट. शिवाय डायनॅमो लावला तरी राखीव बॅटरीचा दिवा जवळ लागतोच. वाचलेली वीज तर इतकी किरकोळ आहे की ती हिशेबात धरूच नका.

मग लोक डायनॅमो घेतात कशासाठी? चार्जिंगची चिंता नको म्हणून. म्हणजे हा विम्याचा हप्ता आहे, गुंतवणूक नव्हे, आणि विमा घेताना जोखीम किती ते आधी पाहायचं. इथे जोखीम ठरते ती दोन प्लगांच्या मधल्या अंधारावरून. रोजच्या प्रवासाचे वर्षाकाठचे १८० तास त्यात येतच नाहीत, कारण रात्री घरी प्लग आहे.

तुमची सगळ्यात कठीण राइड म्हणजे ६००. वेळमर्यादा ४० तास, झोप वजा जाता अंधारातले साधारण १५ तास. ३ वॉटने दिवा चालवला तर ४५ वॉट-अवर लागतील. दिव्यातल्या २१७०० आकाराच्या ५००० एमएएच सेलमध्ये १८ वॉट-अवर असतात. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर ३७ लिहिलेलं असतं, पण व्होल्टेज चढवण्या-उतरवण्यात जवळजवळ एक तृतीयांश जातं; हाती पंचवीसेक लागतात. बेरीज ४३. चढावर वेग कमी असतो तेव्हा दिवा निम्म्यावर आणलात की भागलं. मोबाइल आणि जीपीएससाठी मात्र वेगळी पॉवर बँक ठेवा. एकाच बँकेवर सगळं लटकवलं की पहाटे नेमका दिवाच उपाशी राहतो.

डायनॅमोचा यूएसबी चार्जरही समजून घ्या. हब ६ व्होल्ट, ३ वॉटचा. ताशी २० किलोमीटरला चार्जरमधून जेमतेम अडीच-तीन वॉट मिळतात, रेंगाळत्या चढावर जवळपास काहीच नाही. दिवा आणि चार्जिंग एकाच वेळी नीट चालत नाही, त्यामुळे चार्जिंग दिवसाच करायचं. दिवा चालू असताना हब साधारण ५ वॉट ओढतो. १३० वॉटने पेडल मारणाऱ्याला हे रात्रभरात दहा-बारा मिनिटांना पडतं. माझ्या मते हा मुद्दा उगाच मोठा केला जातो. खरा त्रास वायरचा. पंक्चर काढताना हबवरचे दोन चपटे क्लिप न काढता चाक ओढलं की वायर तुटते. फोर्कच्या वरच्या टोकाशी ती घासून उघडी पडते. पावसाळ्यात क्लिपवर गंज चढला की दिवा लुकलुकतो. बऱ्याच बंद हबचे बेअरिंग घरी बदलता येत नाहीत, हब कंपनीकडे पाठवावा लागतो. तेवढे दिवस चाकही नाही आणि दिवाही नाही.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महागडी ओळ: सायकल बदलायची आहे. आत्ताच्या सायकलला पुढे क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक दांडा) असेल आणि नवीला १२ मिलिमीटरचा थ्रू-अॅक्सल (चाकातून आरपार जाणारा जाड दांडा) आला, तर बहुतेकदा हा हब बसणार नाही. डिस्क ब्रेक आले तर रोटर (ब्रेकची चकती) बसवायची सोय हबवर हवी. दिवे आणि चार्जर नव्या सायकलवर नेता येतील. हब, रिम, स्पोक आणि चाक विणण्याची मजुरी अडकून पडेल. पाचपटीतला मोठा वाटा याच चार गोष्टींचा. उलट नवी सायकल घेताना पुढचं चाक सुरुवातीलाच डायनॅमोचं मागितलंत, तर साध्या चाकाची किंमत वजा होऊन फक्त फरक भरावा लागेल. दिवा घेताना इतकंच बघा की तो ई-बाइकचा नाही. दिसायला तंतोतंत सारखा असतो, पण डीसीवर चालणारा असल्याने डायनॅमोच्या एसीवर उपयोगाचा नाही.

तेव्हा आत्ता बॅटरीचा संच घ्या. पुढच्या दिव्याचा सेल बदलता यायला हवा, उजेडाची कड वरून कापलेली हवी म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत, आणि चार्जिंग चालू असताना दिवा पूर्ण उजेड देतो का, ते दुकानातच पॉवर बँक लावून बघा. काही दिवे अशा वेळी स्वतःहून मंद होतात. केबल दिव्याखाली एक वळसा देऊन वर न्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, पोर्टात शिरणार नाही. घरी पूर्ण चार्ज करून मध्यम उजेडावर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून मोजा (समोर पंखा ठेवा, नाहीतर दिवा तापून मंद होईल आणि आकडा खोटा येईल). सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पहिल्या आकड्याच्या ७० टक्क्यांखाली आला की सेल बदला.

पाचपटीतून बॅटरीच्या संचाचा एक वाटा गेल्यावर उरलेल्या चार वाट्यांची रक्कम हप्ता समजून दरमहा वेगळ्या खात्यात टाकत जा. १२०० ला ९० तास असतात, तीन रात्री निघू शकतात. तोवर ६०० नीट झाली असेल आणि १२०० ची नोंदणी खरोखर केली असेल, तर त्या पैशातून नव्या सायकलवर डायनॅमो घ्या. माझी हरकत नसेल. आठवडेच्या आठवडे प्लगाविना फिरायचा बेत ठरला तर मात्र १२०० ची वाट न पाहताही घ्यायला हरकत नाही. आणि १२०० चा विचारच मागे पडला, तर ते पैसे नव्या सायकलीला लागतील.