वेगवेगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांच्या डिजिटल प्रकल्पात मार्गदर्शकाने नेमके कुठे लक्ष घालावे?

संगणक, चित्रकला आणि वाणिज्य या तीन शाखांच्या मुलांनी मिळून हाती घेतलेले ॲपचे काम शेवटच्या आठवड्यात का ढेपाळते आणि मार्गदर्शकाने काय करावे, असे आपण विचारले आहे. मी लातूरच्या एका महाविद्यालयात असे गट हाताळतो, त्या आधारावर लिहितो.

दुखणे कौशल्याच्या कमतरतेचे क्वचितच असते. काम शाखेप्रमाणे वाटले जाते, तिथे ते सुरू होते. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने स्क्रीन रंगवायचे, संगणकाच्या विद्यार्थ्याने कोड लिहायचा आणि वाणिज्यवाल्यांनी अहवाल टाईप करायचा, ही वाटणी सोयीची असली तरी तीत दुसऱ्याच्या कामाविषयी बोलण्याचा हक्क कोणालाच उरत नाही.

आमच्याकडे एक गट मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, सोयाबीनचे भाव दाखवणारे ॲप करत होता. भावपत्रकात क्विंटलमागे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. संगणकाच्या विद्यार्थ्याने पहिल्या दोन दरांची बेरीज करून निम्मे केले आणि तो आकडा सर्वसाधारण दर म्हणून दाखवला. घरी आडतीचा व्यवसाय असलेल्या वाणिज्य शाखेच्या मुलीने ते पाहताच हरकत घेतली : त्या दिवशी बहुतेक माल ज्या भावाने विकला गेला तो सर्वसाधारण दर, जास्त ओलाव्याचे चार कट्टे पडत्या भावात गेले तर किमान दर घसरतो, बाजार नव्हे. ती केवळ अहवाल टाईप करत बसली असती, तर हे कोणालाच उमगले नसते. त्याच स्क्रीनचा आराखडा इंग्रजी नमुना-मजकूर भरून काढलेला होता. प्रत्यक्ष मराठी मजकूर घातला तेव्हा ‘सर्वसाधारण दर’ चौकटीत मावेना आणि ओळींमधले अंतर रोमन अक्षरांच्या मापाचे असल्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकू लागले.

म्हणून माझा आग्रह असा की, सुरुवातीचे दोन आठवडे साऱ्या गटाने एकत्र बसून एकच स्क्रीन पूर्ण करावा, खऱ्या आकड्यांसह, खऱ्या मराठीत आणि गटातल्या सर्वांत स्वस्त मोबाईलवर चालेल असा. कामाची वाटणी त्यानंतर करावी.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण अडवतात. मजकूर युनिकोडमध्येच (सर्व उपकरणांवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) टाईप करून घ्यावा, कारण जुन्या फॉन्टमधला मजकूर ॲपमध्ये निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांच्या उजळपणातील फरक (कॉन्ट्रास्ट) सुलभतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावे यासाठीच्या, निकषांप्रमाणे साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ असावा; उन्हात मोबाईल पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी तर तो हवाच. फिग्मा या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमधली फाईल आणि कोड एकाच विद्यार्थ्याच्या खासगी खात्यावर अडकवू नये. बैठक सायंकाळी ठेवू नये. खेड्यावरून येणाऱ्या मुलांची एसटी चुकते, मग तीच मुले ‘सहभाग कमी’ या शेऱ्याची धनी होतात. तिन्ही विभागांच्या प्रात्यक्षिकांच्या वेळा जुळवून आठवड्यातला एक सामाईक तास मिळवणे विद्यार्थ्यांच्या हाती नसते. त्यासाठी विभागप्रमुखांकडे मार्गदर्शकानेच जावे लागते.

गुणांचे म्हणाल, तर तोंडी परीक्षेत मी प्रत्येकाला दुसऱ्याच्या कामावर प्रश्न विचारतो : रंग असेच का निवडले, हे कोड लिहिणाऱ्याला आणि भाव कुठून येतो, हे चित्रकलेच्या विद्यार्थ्याला. तसे पहिल्याच दिवशी सांगूनही ठेवतो.