‘गोपनीयता’ म्हणजे प्रायव्हसी का?

एका काकूंचा प्रश्न आहे. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ सुरू करताना होय-नाही विचारणारे पडदे एकामागून एक येत गेले. ‘प्रायव्हसी’ला हल्ली सगळीकडे ‘गोपनीयता’ म्हणतात, म्हणून ‘आपल्याकडे कसली आलीत गुपितं’ असं म्हणत त्यांनी सगळ्याला होकार देऊन टाकला. त्यावर पुतण्या वैतागला. तर हा शब्द बरोबर आहे का, आणि पुतण्या सारखं म्हणत होता त्या ‘टेलीमेट्री’ला मराठीत काय म्हणावं?

काकू, घोळ शब्दाने घातलाय. गोपनीय म्हणजे झाकून ठेवण्याजोगं. सरकारी कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल किंवा मंत्र्याची ‘पदाची व गोपनीयतेची’ शपथ, इथे तो चपखल बसतो. मंत्र्याने झाकायचं ते त्याचं स्वतःचं नसतंच, पदामुळे हाती आलेलं असतं. इंग्रजीत त्याला कॉन्फिडेन्शियल म्हणतात. प्रायव्हसीला तोच शब्द लावला की ‘मला काय लपवायचंय?’ हे उत्तर आपसूक तोंडात येतं.

त्यापेक्षा आपला ‘खासगी’ बघा (‘खाजगी’ लिहिलंत तरी चालेल, दोन्ही रूढ आहेत). मूळ अरबी-फारसी ‘खास’. होळकरांकडे राज्याची ‘दौलत’ वेगळी आणि घराण्याची ‘खासगी’ वेगळी. अहिल्याबाईंचा देशोदेशीचा दानधर्म या खासगीतून झाला. त्यात गुप्त काय होतं? घाट, देवळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. खासगी म्हणजे लपवलेलं नव्हे. ज्यावर हुकूम आपला चालतो ते. प्रायव्हसीचा अर्थ याच्या फार जवळ जातो. ‘खासगीपणा’ जिभेला जरा जड आहे, हिंदीतली ‘निजता’ सुटसुटीत आहे, हे कबूल. पण अर्थ शाबूत राहतो.

जिन्यात कुणी ‘काय, कुठे निघालात?’ विचारलं तर आपण सांगून मोकळे होतो. तोच शेजारी आपल्या जाण्यायेण्याच्या वेळा रोज वहीत टिपतोय असं कळलं तर? गुपित तेव्हाही नव्हतं, आताही नाही. विंडोज १० वरचा वाद नेमका या वहीचा होता. जुलै २०१६ मध्ये फ्रान्सच्या ‘क्निल’ या माहिती-संरक्षण संस्थेने मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली. कोणती ॲप उतरवली आणि प्रत्येकावर किती वेळ घालवला हेही गोळा होत होतं, आणि ते गरजेपेक्षा जास्त आहे, हा त्यातला एक आक्षेप. कंपनीने गोळा होणारी माहिती बरीच कमी केल्यावर जून २०१७ मध्ये ते प्रकरण मिटलं.

आता टेलीमेट्री. शब्दशः ‘दूरमिती’, लांबून मोजणं. इस्रोच्या बंगळुरूच्या ‘इस्ट्रॅक’ या केंद्राच्या नावातला ‘टी’ हाच. उपग्रहाचं तापमान, बॅटरी जमिनीवरून वाचायची तर दुसरा इलाज नाही, आणि उपग्रहाची त्याला हरकतही नसते. घरचा लॅपटॉप आपल्या वापराची माहिती कंपनीला पाठवतो, त्याला मात्र हा शब्द फारच सोवळा वाटतो. मी सरळ ‘वापराची नोंद’ म्हणेन. कुणी ‘पाळत’ सुचवतील, पण पाळत एखाद्यावर नेमून ठेवतात. इथे सरसकट सगळ्यांचीच नोंद होते. माझ्या मते जवळचा शब्द ‘भोचकपणा’, पण तो सेटिंग्जमध्ये कोण छापणार!

मायक्रोसॉफ्ट स्वतः आता ‘डायग्नोस्टिक डेटा’ म्हणते. त्याचं ‘निदान डेटा’ करू नका, ‘निदान डेटा तरी द्या’ असं वाचलं जातं. त्याचे दोन प्रकार: आवश्यक आणि ऐच्छिक. आवश्यक कुणाला, ते विचारायचं नाही. ऐच्छिकमध्ये एज ब्राउझरवर पाहिलेल्या साइट्स येतात, आणि यंत्र अचानक बंद पडलं तर त्या क्षणीची मेमरीही. उघड्या फाइलचा तुकडा तिच्यासोबत जाऊ शकतो, हे कंपनीच सांगते. म्हणजे तुम्ही सोसायटीचा हिशेब किंवा मृत्युपत्राचा मसुदा उघडून बसला असाल, तर त्यातल्या चार ओळीसुद्धा.

तेव्हा सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ उघडा आणि ऐच्छिकचं बटण बंद करा. गेलेली नोंद पुसायला सांगायची सोयही तिथेच आहे. ‘आवश्यक’चं बटण शोधू नका, होम आवृत्तीत ते बंद करता येत नाही. पुतण्यालाही हे सांगा.