खासगी प्रशिक्षणाची फी भरण्यापूर्वी

तुमची मुलगी नुकतीच बॅडमिंटन खेळू लागली आहे, तेव्हा अकादमीने सवलतीचे आमिष दाखवले तरी वर्षभराची फी एकरकमी भरू नये, असे मी आग्रहाने सुचवीन. पहिले तीन महिने मासिक फीच द्यावी. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हातही ती आपणहून बॅग उचलते का, हे आधी दिसू द्यावे. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन तिथल्या बॅचची चौकशी करावी आणि मगच वैयक्तिक प्रशिक्षकाचा विचार करावा.

फीपेक्षा भोवतालचा खर्च जास्त चावतो. पिसांची शटल दोन-तीन जोरकस रॅलीतच झडतात, गटिंग (रॅकेटची जाळी) तुटते, बुटांचे तळवे झिजतात आणि स्पर्धेला परगावी जायचे म्हटले की प्रवेश शुल्काबरोबर पालकाचेही तिकीट काढावे लागते. त्यामुळे शटल फीमध्ये धरलेली आहेत का, दुखापत किंवा परीक्षेमुळे खंड पडल्यास पैसे पुढे वळते होतात का आणि प्रत्यक्ष शिकवणार कोण, हे लेखी घ्यावे. पावतीही मागावी (संकोच वाटतो, पण मागावी).

स्पर्धांसाठी बँकेत छोटी आवर्ती ठेव सुरू करावी. कर्ज मात्र काढू नये. आयकरातली शिकवणी शुल्काची वजावट शाळा-महाविद्यालयाच्या पूर्णवेळ शिक्षणापुरती आहे, क्रीडा प्रशिक्षणाला ती लागू नाही. केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ योजनेचा भत्ता निवड झालेल्या खेळाडूंनाच मिळतो, म्हणून तो आजच्या हिशेबात धरू नये.