तीन दारांची गाडी आणि मागच्या सीटवरचं बाळ

सांगलीकर, तुमचा प्रश्न वाचला: मुलगी तीन महिन्यांची, घरात एकच गाडी आणि तीही टू-सीटर. बायको म्हणते विका, मित्र म्हणतात ठेव, परत मिळायची नाही. मित्रांचं सोडा, त्यांना बाळ घेऊन लसीला जायचं नाहीये.

माझ्याकडे फोक्सवॅगनची पोलो जीटीआय होती, साध्या पोलोची वेगवान बहीण. 2016 साली भारतासाठी 99च ठेवल्या होत्या, त्यातली एक. तीन दारं (दोन पुढे, तिसरं डिकीचं), 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, ताकद 192 पीएस. सिग्नलला लोक साधी पोलो समजायचे, मजा त्यातच होती. रविवारी उजाडायच्या आत साताऱ्यातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासपर्यंत जाऊन आठला घरी पोह्यांना हजर. (फुलांच्या हंगामात नाही, तेव्हा तो रस्ता पाहुण्यांचा.)

लेक झाली तेव्हा वाटलं, निभावून नेऊ. मागे आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे पक्के हूक) होतं, चाइल्ड सीट खटकन बसली. पण रोज काय व्हायचं ऐका. पुढची सीट ढकलायची, झोपलेलं पोर छातीशी धरून अर्धं आत शिरायचं, डोकं छताला, आणि एका हातानं चाचपडत पट्ट्याचं बक्कल शोधायचं. पोवई नाक्यावर हे करताना मागून हॉर्न. बायकोचं सिझर झालेलं, तिला वाकवेना. म्हणजे मी घरी नसलो की गाडी असून नसल्यासारखी.

तुमच्या टू-सीटरला तर मागची सीटच नाही. एवढ्या बाळाची सीट मागे तोंड करून लावावी लागते, आणि समोरची एअरबॅग चालू असताना तशी सीट पुढे लावायची नाही म्हणजे नाही. ती बंद करायची सोय आहे का, आधी मॅन्युअलमध्ये बघा. नसेल तर विषय संपला.

दुसरी गाडी घेऊन ही ठेवायची ऐपत असेल तर खुशाल ठेवा, पण चालवणार असाल तरच. मी आठ महिने कव्हर घालून ठेवली. बॅटरी बसली, टायर एका बाजूला चपटे झाले, विम्याचा हप्ता चालूच. चालती असताना विकली असती तर भाव बरा आला असता.

विकताना पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय फॉर्म 29 आणि 30 वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे अर्ज) सही नाही. आरसीवर नाव बदललं का, हे स्वतः तपासा, नाहीतर घेणाऱ्याच्या दंडाच्या पावत्या तुमच्या नावावर येतील. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पत्र मागून घ्या, तीन वर्षांच्या आत घेतलेल्या गाडीला तो वळवता येतो.

आणि शक्यतो गावातल्या माणसाला विकू नका. समर्थ मंदिराजवळ अजूनही माझ्या विकलेल्या पोलोचा आवाज आला की माझी मान वळते.

दुसरी चावीही आत्ताच शोधून ठेवा. माझी गिऱ्हाईक दारात आल्यावर खेळण्यांच्या टोपलीत सापडली, वर दोन दातांच्या खुणा.