कोड पी०१७१: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर खर्च करण्याआधी

कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला, धूर शुद्ध करणारा भाग) बदलू नका, निदान आत्ता तरी नको.

तुम्ही दिलेली माहिती अशी: २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं), गाडीच्या कंप्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड पी०१७१. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या पाइपमधला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलला, कोड उडवला, दोन-तीन दिवसांत चेक इंजिनचा दिवा परत हजर. आता तो कन्व्हर्टर बदला म्हणतोय. पण कन्व्हर्टर कमजोर झाला तर साधारणपणे पी०४२० येतो. पी०१७१चा अर्थ वेगळा आहे. हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, ते वाढवून वाढवून थकलाय. सेन्सरने तक्रार केली म्हणून सेन्सरच बदलला, असला हा प्रकार.

दिवा दोन-तीन दिवसांनीच का लागतो, यातही काही गूढ नाही. असे बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत (इंजिन सुरू करून, गाडी चालवून, बंद केलं की एक फेरी) दिसल्याशिवाय ईसीयू दिवा लावत नाही. म्हणजे कोड उडवल्यावर मिळालेली शांतता ही दुरुस्ती नव्हे. उलट कोडसोबत फ्रीज फ्रेम पुसली जाते, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान. बॅटरीची तार काढूनही बऱ्याचदा तेच होतं. तेव्हा यापुढे वाचल्याशिवाय कोणालाही कोड उडवू देऊ नका.

ओबीडीचा (गाडीचे कोड वाचायची सोय) साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, हजार रुपयांच्या आसपास मिळतो. सॉकेट स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या तळाशी असतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दोन आकडे बघायचे: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात सध्या आणि सरासरीने किती टक्के वाढ किंवा घट करतोय. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास हवी, अधिक-उणे १०च्या आत असेल तर चालतं. अधिक २० किंवा त्याच्या बरीच वर गेली की बहुतेक गाड्यांत पी०१७१ येतो.

आता मुख्य गोष्ट. सिक्वेन्शियल किटमध्ये इंधनाचा हिशेब मूळ पेट्रोलचा ईसीयूच करतो; गॅसचा कंप्युटर त्याने ठरवलेला वेळ घेऊन गॅस इंजेक्टरच्या वेळेत बदलून देतो. या बदलाचा मॅप (किती वेळ बदलायचा त्याचा तक्ता) चुकला, गॅसचा फिल्टर तुंबला किंवा रेड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करून देणारा भाग) दाब घसरला, की गॅस कमी जातो. मूळ ईसीयूला वाटतं पेट्रोलच कमी पडतंय, आणि तो ट्रिम वाढवत बसतो. म्हणून दोन-तीन दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा आणि आकडे बघा.

पेट्रोलवर ट्रिम जागेवर आली, तर इंजिनाच्या वाटेला जाऊच नका. लॅपटॉप जोडून ट्यूनिंग करणाऱ्या सीएनजीवाल्याकडे जा. आधी फिल्टर आणि दाब तपासायला लावा, मॅपला हात त्यानंतर. नाहीतर तुंबलेल्या फिल्टरवर मॅप वाढवून दिला जातो आणि पुढे फिल्टर बदलला की मिश्रण उलट बाजूला जातं, म्हणजे गॅस जास्त होतो.

पेट्रोलवरही ट्रिम चढलेलीच राहिली, तर गरम इंजिन, एसी बंद, असं ठेवून आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) आणि मग २५००च्या आसपास आरपीएम धरून आकडे लिहून घ्या. आयडलला जास्त आणि आरपीएम वाढवल्यावर कमी होत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. किट बसवताना इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणारा भाग) भोकं पाडून नोझल लावलेले असतात, पहिला संशय तिथे घ्या. मग पीसीव्हीचा पाइप (इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा). उंदीर रबरी पाइप कुरतडतात, हे पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधायचं यंत्र असेल तर काम लवकर होतं. मात्र तुमच्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसून फक्त एमएपी (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर) असेल (बऱ्याच छोट्या गाड्यांत असतो), तर अशी गळती ट्रिममध्ये फारशी दिसत नाही, आयडल मात्र चढतं. त्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला चीर आहे का बघा. तिथून हवा आत ओढली गेली की सेन्सरला उगाच इंधन कमी (लीन) वाटतं.

आयडलला ठीक आणि चढावर किंवा जोरात दाबल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोल पुरत नाही. सीएनजीवाल्यांना हा आजार हमखास होतो, कारण टाकी कायम रिझर्व्हवर. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि पुष्कळ किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो फिरत असतो. शिवाय न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर चिकटतात. इंधनाचा दाब गेज लावून मोजायला सांगा, अंदाजाने पंप बदलू देऊ नका. टाकी निदान पाव भरलेली ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर काढा.

दिवा स्थिर असेल तोवर हे सगळं सवडीने करता येईल. लुकलुकायला लागला तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, गाडी बाजूला घ्या आणि टो करून न्या. तसंच रेटत राहिलात, तर गॅरेजवाल्याचं कन्व्हर्टरचं निदान खरं ठरेल.

दोष नीट निघाला, तर कोड न उडवताही तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो. फ्रीज फ्रेममधले आकडे आणि पेट्रोल व गॅसवरची ट्रिम वेगवेगळी लिहून कळवा, मग पुढचं बोलू.