‘म’ दहाव्या मात्रेवर

प्रिय मुली,

कविता आणि संगीताच्या निवासी शिबिरात तुझी निवड झाल्याचं वाचून फार आनंद झाला. सहा दिवस कवी आणि गाणारे एकाच छपराखाली! तुझ्या वयात मलाही अशी संधी मिळाली होती. तेव्हा झालेली चूक आधी सांगते.

एका कवीमित्राच्या ‘तू नसता अंगण ओले’ या ओळीला मी यमन रागात चाल लावली. ‘तू न’वर हरकत, म्हणजे सुरांची छोटी वेलांटी, घेतली आणि ‘सता’ तालाच्या पुढच्या आवर्तनात, म्हणजे पुढच्या फेरीत, ढकललं. सगळ्यांनी दाद दिली, कवी मात्र मान खाली घालून बसला होता. रात्री जेवताना म्हणाला, “अगं, ती नाहीये हेच तर सांगायचं होतं. तो शब्दच तू तोडलास.” ते बोलणं मला अजून टोचतं.

म्हणून पहिले दोन दिवस पेटी उघडू नकोस. कवीकडून कविता वाचून घे. तो कुठे थांबतो, कुठल्या शब्दावर आवाज खाली जातो, ते वहीत टिपून ठेव.

मग छंदाकडे वळ. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ बोटांवर मोजून बघ. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा आहे. ती जागा टाळ-मृदंगाची. नवखे गायक तिथेही आलाप कोंबतात, आणि मग वारकऱ्यांना टाळ धरायला जागाच उरत नाही. तू ती मोकळी सोड.

आणखी एक गंमत. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ हा मनाचा श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहे. लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन; लघु-गुरू-गुरू असे पाच मात्रांचे चार तुकडे, म्हणजे वीस मात्रा, दहा मात्रांच्या झपतालाची बरोब्बर दोन आवर्तनं. पण ‘म’ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, घेतलास तर ओळ लंगडते. ‘म’ आदल्या आवर्तनाच्या दहाव्या मात्रेवर उचल आणि ‘ना’ समेवर ठेव. आता टाळी देत म्हण: ना, सज्ज, ना, भक्ति, पं, थेचि, जा, वे. दोन-तीन-दोन-तीन असे झपतालाचे खंड आपोआप पडतात, आणि ‘वे’नंतर उरलेल्या एका मात्रेत पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर येऊन बसतं. मला हे उमगलं त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तेच म्हणत होते. ताल बाहेरून आणावा लागत नाही गं, पुष्कळदा तो ओळीतच असतो.

मुक्तछंदाशी मात्र झटापट करू नकोस. तिथे मुखडा, म्हणजे परत परत येणारी ओळ, शोधत बसण्यापेक्षा नुसत्या तानपुऱ्यावर कविता वाचून बघ. काही कवितांना तेवढंच हवं असतं.

आणि भांडायला घाबरू नकोस. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा कवी गदिमा आणि संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) वर्षाहून थोडा अधिक काळ आठवड्यामागून आठवडा गाणं उभं करत होते, एकूण छप्पन्न गाणी. शब्द आणि सूर इतके जवळ राहिले म्हणून ते जमलं. तुम्हाला सहाच दिवस आहेत, तेव्हा कवीला ‘हा शब्द गळ्याला अडतो’ असं खुशाल सांग, आणि ‘तुझी चाल माझ्या ओळीवर बसत नाही’ हे त्याच्याकडून ऐकूनही घे.

निघण्याआधी तो श्लोक झपतालात बसव आणि मला फोनवर म्हणून दाखव. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

तुझी,
ताई