आठ वर्षांच्या मुलाला विज्ञानाची गोडी लावायची तर किट घ्यावं की क्लास लावावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, दिवसभर ‘का, का’ करत मागे असतो, तुमचं शिक्षण कॉमर्सचं असल्यामुळे उत्तरं देताना अडायला होतं, तर महागडं किट घ्यावं की क्लास लावावा. माझं स्पष्ट मत आहे की सध्या दोन्ही नको. मी बँकेत नोकरी करते, विज्ञानाचा संबंध दहावीनंतर सुटला. लेक आता अकरा वर्षांची आहे आणि आमचा दोघींचा हा उद्योग ती तुमच्या मुलाएवढी असल्यापासून चालू आहे, त्यावरून सांगते.

‘का’चं उत्तर बहुतेक वेळा खरंच अवघड असतं. हळद पिवळी का, हे नीट सांगायचं तर रसायनशास्त्रात बरंच खोल जावं लागेल. पण हळदीचा रंग कशाकशाने बदलतो, हे आठ वर्षांचं मूल स्वतःच्या हाताने शोधून काढतं. म्हणून आमच्याकडे ‘का’ आला की मी विचारते, “काय केलं तर बदलेल, सांग बघू?” तिथून पुढचं काम तिचं.

हळदीपासूनच सुरुवात करा. भाजीचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की डाग लाल होतो, हे तुमच्या मुलाने पाहिलं असेलच. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाला फासा, वाळू द्या आणि पट्ट्या कापा. मग लिंबाचा रस, ताक, मिठाचं पाणी, खायचा सोडा, धुण्याचा सोडा, साबणाचं पाणी असं एकेक घेऊन थेंब टाकायचा. त्याआधी वहीत अंदाज लिहायचा, आणि तो चुकला तरी खोडायचा नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. लिंबू, ताक, मीठ यांनी काही होत नाही. खायच्या सोड्याने रंग जेमतेम केशरीकडे झुकतो, धुण्याच्या सोड्याने मात्र लालभडक. त्या लाल जागेवर लिंबू पिळा, पुन्हा पिवळं! हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लाल होतं, एवढं सांगितलं तरी या वयाला पुष्कळ झालं. पारंपरिक कुंकू हळदीला चुन्याची जोड देऊन करतात, हे माझ्या सासूबाईंनी तेव्हा सांगितलं, आणि देवघरातली कुंकवाची कोयरी लेकीच्या लेखी एकदम प्रयोगाची वस्तू झाली.

त्याचाच पुढचा भाग: दोन पिवळ्या पट्ट्या घ्या, एक खिडकीत उन्हात ठेवा, दुसरी कपाटात. काही दिवसांनी उन्हातली फिकट पडलेली दिसेल. हळदीचे डाग उन्हात वाळवून घालवतात ते याचमुळे, कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. पण “उन्हाने झालं की उन्हाच्या उष्णतेने?” असं लेकीने विचारलं, तेव्हा आम्ही तिसरी पट्टी काळ्या कागदात गुंडाळून उन्हातच ठेवली. ती पिवळीच राहिली. हा तिसरा कागद ज्याला सुचतो, त्याला विज्ञान वेगळं शिकवावं लागत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता थोडं पाठ्यपुस्तकी उत्तरांबद्दल, कारण क्लासला ‘नको’ म्हणण्याचं माझं कारण तेच आहे. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटलेली मेणबत्ती, वरून काचेचा पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. हा प्रयोग तुम्हीही केला असेल आणि “ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली” असं उत्तर ऐकलं असेल. मुलाला ते उत्तर देऊ नका, ते तपासायला द्या. नीट पाहिलं तर दिसतं की ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही. ती विझल्यावर भराभर चढतं. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा. पेला तोच, म्हणजे आतला ऑक्सिजन जवळपास तेवढाच, पण पाणी मात्र जास्त चढतं. ऑक्सिजन संपल्यामुळे हे होत असतं तर असं झालं नसतं. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधीच ज्योत विझते. खरं कारण मुख्यतः उष्णतेचं: तापलेली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर निसटते, ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. खात्री करायची तर मेणबत्ती बाजूला ठेवा, पेला गरम पाण्याने विसळा आणि लगेच पालथा घाला. थोडं पाणी तरीही चढेल. छापील उत्तरही तपासता येतं, हे मुलाला एकदा कळलं की पुढे त्याला घोकंपट्टी करायला लावणं कठीण जातं.

माठाचंही असंच. माझं माहेर रत्नागिरीचं. तिथे मे महिन्यात माठाचं पाणी आमच्या पुण्याइतकं गार लागत नाही, कारण दमट हवेत झिरपलेलं पाणी लवकर उडून जात नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. तेवढ्यात ५८ ग्रॅम पाणी १० अंशांनी गार होईल. दोन सारख्या बाटल्या पंख्याखाली ठेवा, एकीला ओला फडका गुंडाळा आणि तापमान मोजत राहा. फडक्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली तर काय होईल, ते त्यालाच विचारा.

खर्च करायचाच तर डिजिटल तापमापक, चांगलं भिंग आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा एवढं आणा. खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ बघा. टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी तिथे फुकट आहेत, मराठीतही बरंच आहे. हे सगळं करताना जवळ बसा. मेणबत्ती तुम्हीच पेटवा, चुना मुळीच हाताळू देऊ नका (डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते), लालभडक रंगासाठी धुण्याचा सोडा पुरतो. तो मात्र हात लगेच धुवायला लावून.

आणि मे महिन्यासाठी एक काम राखून ठेवा. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच राहते. पुण्यात हा शून्य सावलीचा दिवस १३ मेच्या आसपास असतो, मुंबईत त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, नागपुरात २६ मेच्या सुमारास, कोल्हापुरात त्याआधीच. दुसरी वेळ पावसाळ्यात असते, तेव्हा बहुधा ढगच असतात. गच्चीत सपाट जागी डबा किंवा पाइपचा तुकडा सरळ उभा करा. बारा वाजता सावली नाहीशी होईल असं मुलगा म्हणेल. त्याला म्हणू द्या, आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायला सांगा. पुण्यात ती साडेबाराच्या सुमारास जाते, मुंबईत आणखी चार-पाच मिनिटांनी. घड्याळ आणि सूर्य यांचं का जमत नाही, हा प्रश्न मग तोच विचारेल. तेव्हा भारताचा नकाशा काढून त्यावर पुणे आणि प्रयागराज शोधायला बसा, कारण आपलं घड्याळ त्या बाजूच्या रेखांशावर लावलेलं आहे.